रोज दहा मिनिटं ऐकून घेणे

क्लातेन, जावा. मंगळवार दुपार

आदरणीय कुस्मीताई यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे या हार्सोनोचा, चटईवर बसून आणि मान जमेल तितकी खाली घालून नमस्कार. (घरात खुर्च्या आहेत, पण त्यांच्यावर गेल्या अकरा दिवसांचे वाळलेले कपडे बसलेत आणि त्यांना उठा म्हणायचा मला आता धीर होत नाही.) आपले गुडघे कसे आहेत? सेमारांगच्या त्या चढावर घर घेऊ नका असं मी तेव्हाच म्हणालो होतो, पण ते असो. गेल्या दोन महिन्यांत मी जे जे म्हणालो त्याचं काय झालं ते पाहता, मी काय म्हणालो होतो याची आठवण न काढलेलीच बरी. साखर आटोक्यात आहे ना? डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलाय तो खरोखर कमी केलात, की चाळीस वर्षं अर्ध्या जिल्ह्याची बाळंतपणं केलेल्या बाईला कालचा पोरगा काय शिकवणार म्हणून सोडून दिलंत?

विनार्सी आपल्याकडे सुखरूप पोचल्याचं कळलं. मी रोज फोन करतो, रोज आपणच उचलता, आणि परवा आपण म्हणालात, "हार्सोनो, तुझ्याशी बोलताना समोरच्याला श्वास घ्यायला फट सापडत नाही. काय असेल ते लिहून पाठव. कागद असला की निदान मध्येच उठून मला चहा तरी टाकता येईल." म्हणून हा कागद. चहा खुशाल टाकावा, मी थांबतो.

विनार्सीने आपल्याला काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही. काही सांगितलं नसेल असाच माझा अंदाज आहे, कारण ती काही सांगत नाही, असं मी तेहतीस वर्षं समजत आलो. म्हणून घडलं ते मीच सांगतो, पहिल्यापासून.

पहिल्यापासून म्हणजे झोपलेल्या पोलिसापासून. गाड्या हळू जाव्यात म्हणून रस्त्यावर सिमेंटचा जो आडवा उंचवटा करतात, तोच हा पोलीस. आमच्या गल्लीतला पोलीस गेल्या तीन वर्षांत नऊ वेळा जन्मला आणि नऊ वेळा मेला. जन्माला घालणारे पाक तुगिमान, आमच्या समोरचे. (पुरुषांना 'पाक' आणि बायकांना 'बू' म्हणायची आदराची सवय कागदावरही सुटत नाही.) तीस वर्षं ट्रक चालवला, आता गुडघ्याखालचे पाय सुजतात म्हणून घरी. मुलगी तैवानला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली ती पाच वर्षांची नात यांच्या ओटीत घालून. ती नीकेन फाटकातून सुटली की थेट रस्त्यावर, बाणासारखी. आणि मारेकरी म्हणजे त्यांच्या शेजारच्या बू लास्त्री, अंडी विकणाऱ्या. नवरा जाऊन आठ वर्षं झाली; मोटरसायकलच्या मागे अकरा ट्रे बांधून पहाटे निघायचं नि बाजार गाठायचा. अंड्यांचं आणि उंचवट्याचं किती जमतं हे आपल्याला सांगायला नको.

आता आपण म्हणाल, तू गल्लीचा प्रमुख, तू काय करत होतास? ताई, मी सभा घेत होतो. या एका विषयावर माझ्या अध्यक्षतेखाली सात सभा झाल्या आणि सातही सभांत एकमत झालं. पहिल्या सभेत पोलीस बांधण्यावर झालं, दुसऱ्या सभेत तो काढण्यावर, तिसऱ्या सभेत तो असावा पण नसल्यासारखा असावा यावर. सगळे 'हो' म्हणाले, तळलेली केळी खाल्ली, माझे आभार मानले आणि घरी गेले. दोन दिवसांनी सकाळी उठून बघावं तर रस्त्यावर ओलं सिमेंट आणि त्यावर खूण म्हणून झाडाची फांदी. आठवड्याने उठून बघावं तर सिमेंटही नाही नि फांदीही नाही. कुणी बांधलं, कुणी फोडलं, सगळ्यांना ठाऊक, आणि कुणीही कुणाला काही विचारलं नाही. दोघंही फाटकातून एकमेकांना मान लववून 'फिरायला निघालात वाटतं' म्हणायची. आपल्या भाषेत राग आवाजाने मोजत नाहीत, आदराने मोजतात. तिसऱ्या वर्षी ती दोघं एकमेकांशी जी भाषा बोलत होती ती पूर्वी फक्त सुलतानाच्या दरबारात बोलत असतील.

आणि या सुखाच्या स्थितीत (होय, आता मी तिला सुखाचीच म्हणतो) तालुका कचेरीतून निरोप आला की गल्लीप्रमुखांसाठी तीन दिवसांचं शिबिर आहे. विषय: मतभेद असताना बोलावं कसं, आणि त्याची रोजची सवय कशी लावावी. शिकवायला राजधानीतून एक मुलगी आली होती, दिंदा नावाची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, इतकी प्रसन्न की तिच्याकडे पाहून आपण आजवर उगाच दुःखी होतो असं वाटावं. तिचं म्हणणं असं, की भांडण मिटवायची वेळ भांडण झाल्यावर नसते. दात घासतो तसं रोज थोडं थोडं ऐकून घ्यायला शिकलं पाहिजे. रोज दहा मिनिटं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. मग दुसऱ्याने आधी पहिल्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि मगच स्वतःचं. 'तुम्ही असे आहात' म्हणायचं नाही, 'मला असं वाटतं' म्हणायचं. हे सगळं तिने प्लास्टिक चढवलेल्या एका कार्डावर छापून दिलं. ताई, मी अडतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, पण नागरिकशास्त्र खिशात मावतं हे मला पहिल्यांदा कळलं. तिसऱ्या दिवशी मी उभं राहून छोटं भाषण केलं. (बावीस मिनिटं.) दिंदा म्हणाली, पाक गुरूंसारखा, म्हणजे माझ्यासारखा, एक माणूस प्रत्येक गल्लीत हवा. ते वाक्य मी घरी येऊन विनार्सीला तीनदा सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागलो. सकाळी सात वाजता भाजीची गाडी आमच्या कोपऱ्यावर येते, तिथे एक बाक मांडला आणि गल्लीच्या फोनवरच्या ग्रुपवर जाहीर केलं की आजपासून रोज दहा मिनिटं संवाद. बेचाळीस घरांतून जोडलेल्या हातांची बेचाळीस चित्रं आली. मी ती होकाराची समजलो. पहिले चार दिवस बाकावर मी आणि एक मांजर. पाचव्या दिवशी मी बू लास्त्री आणि पाक तुगिमान या दोघांच्याही घरी जाऊन, समोरचा येतोय तर तुम्ही नाही कसं म्हणता, असं सांगितलं. (तोवर दोघांपैकी कुणीही 'येतो' म्हटलं नव्हतं. ही लबाडी होती, पण कार्डावर लबाडीविषयी काही लिहिलेलं नाही.) दोघंही आली. भाजी घ्यायला आलेल्या बायका पालकाच्या जुड्या हातात धरून उभ्या राहिल्या.

"बू लास्त्री, आपलं म्हणणं मांडा," मी म्हणालो.

"माझं कसलं म्हणणं, पाक गुरू? मागे अंडी असतात. उंचवटा आला की फुटतात. एवढंच."

"छान. आता पाक तुगिमान, त्या काय म्हणाल्या ते आपल्या शब्दांत सांगा."

तुगिमान थंडीत ट्रक सुरू व्हावा तसे बराच वेळ घशात घरघरले. मग म्हणाले, "त्यांचं म्हणणं असं, की नीकेन चाकाखाली गेली तरी चालेल, अंडी शाबूत राहिली पाहिजेत."

"मी असं म्हटलं?"

"आपल्या शब्दांत सांगा म्हणाले. हे माझे शब्द आहेत."

मी घाईघाईने कार्ड काढलं आणि 'मला असं वाटतं' या नियमाची आठवण केली. बू लास्त्रींनी ओढणी सावरली, दोन्ही हात पोटाशी घेतले आणि अत्यंत उच्च भाषेत म्हणाल्या, "मला मनापासून असं वाटतं, की पाक तुगिमान यांच्या पूज्य ट्रकला तीस वर्षं ब्रेक नव्हते, म्हणून आता त्यांना रस्त्यालाच ब्रेक लावायची हौस आली आहे."

भाजीवाला हसला. ताई, तिथे सगळं बिघडलं. त्याआधी या गल्लीत कुणी कुणाला तोंडावर काही बोललं नव्हतं. आणि बोलून झाल्यावर आकाश कोसळलं नाही, उलट भाजीवाला हसला, हे पालकाच्या जुड्या धरलेल्या सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाकाला रांग. कुणाच्या कोंबड्याची बांग, कुणाच्या नळाचं पाणी, मुलाच्या लग्नात आमच्या टेबलावर कोंबडीचे पायच का आले. एका बाईने तर चौदा वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या मयतीला कोण कोण आलं नव्हतं त्यांची नावं वहीत लिहून आणली होती, तारखेसह. सगळं नियमात. 'मला असं वाटतं की आपण चोर आहात.' 'आपल्याला असं वाटतं की मी चोर आहे, हे मी ऐकलं. आता मला असं वाटतं की आपली आईही तशीच होती.' तिसऱ्या आठवड्यात बायकांच्या एका भिशीच्या दोन भिश्या झाल्या, आणि बाकही दोन झाले: एक तुगिमानच्या बाजूचा, एक लास्त्रीच्या बाजूचा. दोन्हीकडे दहा दहा मिनिटं अतिशय मन लावून ऐकून घेणं चाले, कारण जो तो आपल्याच मताच्या माणसाचं ऐकत असे.

मी दिंदाला कळवलं की सवय लागली आहे. ते खोटं नव्हतं.

ती खूश होऊन बघायला आली, सोबत फोटो काढणारा एक जण. मला रात्रभर झोप नव्हती, आज ही माणसं काय बोलतील म्हणून. मी विसरलो होतो की आपण जावाचे लोक आहोत. पाहुणा दिसल्याबरोबर दोन्ही बाक एक झाले, चहा आला, केळी आली, पाक तुगिमाननी बू लास्त्रींना बसायला जागा करून दिली, बू लास्त्रींनी नीकेनला मांडीवर घेतलं. दिंदाने विचारलं, काही मतभेद उरलेत का? सगळे हसून 'नाही' म्हणाले. तिने आम्हाला 'आदर्श गल्ली'चं चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं. फोटोत त्याचं एक टोक तुगिमानच्या हातात आहे आणि दुसरं लास्त्रीच्या, मध्ये मी. दिंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण माझं कारण वेगळं होतं. तिची गाडी कोपऱ्यावरून वळली आणि प्रमाणपत्राची दोन्ही टोकं एकदम सुटली. ते माझ्या पायावर पडलं. काच फुटली.

आता पुढचं लिहितो. पूर्वी तुगिमान पोलीस बांधत तो गुपचूप, आणि म्हणून बेताचा बांधत. लास्त्री फोडत त्याही गुपचूप, म्हणून फुटला की प्रश्न मिटत असे. या वेळी तुगिमाननी बाकावर सर्वांसमोर सांगितलं, "उद्या मी पोलीस बांधणार. आणि चांगला वीतभर उंच बांधणार." त्यावर बू लास्त्री सर्वांसमोर म्हणाल्या, "बांधा. मी त्यावरून जाऊन दाखवते." मोकळेपणाने बोलणं म्हणतात ते हेच. ताई, मी तिथेच होतो. मी म्हणालो, "उत्तम! दोघांनीही आपलं मत स्पष्ट मांडलं." असं म्हणालो मी. आता एवढ्या लोकांसमोर बोलून बसल्यावर दोघांपैकी माघार कोण घेणार?

शुक्रवारी पहाटे बू लास्त्री निघाल्या. वेग कमी केला नाही. मी आवाज ऐकून बाहेर आलो तेव्हा मोटरसायकल आडवी पडली होती, चाक फिरत होतं, आणि रस्ता या फाटकापासून त्या फाटकापर्यंत पिवळा झाला होता. तीनशे तीस अंडी. मधोमध बू लास्त्री बसलेल्या, खांदा विचित्र खाली आलेला, आणि त्या रडत नव्हत्या. केसांतली टरफलं एकेक काढून बाजूला ठेवत होत्या. तुगिमान त्या सुजलेल्या पायांनी अनवाणी धावत आले. बू लास्त्रींना उचललं, मुलासारखं, जुन्या पिकअपमध्ये बसवलं आणि दवाखाना गाठला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. संध्याकाळपर्यंत ते तिथे बाहेरच्या पायरीवर बसून होते, असं नंतर कळलं.

इकडे गल्लीतल्या सगळ्या बायका बादल्या आणि खराटे घेऊन बाहेर आल्या, दोन्ही भिश्यांच्या. कुणी कुणाला बोलावलं नाही. विनार्सीही होती. ऊन चढायच्या आत अंडं निघालं नाही तर वास किती दिवस जात नाही हे बायकांना माहीत असतं. त्या गुडघ्यांवर बसून रस्ता घासत होत्या, आणि मी, ताई, मी कडेला उभं राहून म्हणालो, "मंडळी, झालं ते वाईट झालं, पण यातूनही शिकता येईल. आज संध्याकाळी आपण सगळे यावर बोलू या." खराटे थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. विनार्सीनेही पाहिलं, तिच्या कोपरापर्यंत पिवळं होतं. मग खराटे पुन्हा सुरू झाले.

त्याच संध्याकाळचं आता सांगतो. आमच्या घरीही मी ही सवय सुरू केली होती. घरात दिवा नाही आणि देवळात रोषणाई, असं नको म्हणून. रात्रीच्या जेवणाआधी दहा मिनिटं विनार्सीने बोलायचं, मी ऐकायचं. मी टेबलावर घड्याळ ठेवत असे, आणि वही. पहिले आठ दिवस ती 'काही नाही' असं म्हणून भात वाढायला उठायची, आणि मी वहीत 'काही नाही' असं लिहून ठेवायचो. (शिबिरात नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या.) त्या शुक्रवारी ती हात धुऊन येऊन समोर बसली आणि बोलायला लागली.

ती काय बोलली त्याचे चौदा मुद्दे माझ्याकडे आहेत. सगळे लिहीत नाही. पाहुणे तिला काही विचारतात आणि उत्तर मी देतो. डॉक्टर तिला विचारतात कुठे दुखतं, आणि तेही मी सांगतो. तिच्या आईच्या शेवटच्या आजारात तिने किती दिवस माहेरी राहावं हे मी ठरवलं. पण पहिला मुद्दा आपल्याविषयी आहे, आणि तो आपल्यापासून लपवून हे पत्र पुरं होणार नाही. आपल्याला आठवत असेल, आपण सेमारांगच्या शिवणशाळेत तिच्यासाठी शिकवायची जागा बघितली होती. राहणं आपल्याकडेच, शनिवार-रविवार घरी. मी आपल्याला कळवलं होतं की विनार्सी नको म्हणते, तिला घर सोडून करमत नाही. ताई, ती नको म्हणाली नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं. मला वाटलं, विचारून काय होणार, ती 'हो' म्हणेल आणि तिच्या 'हो'चा अर्थ 'नाही' असेल, मग आपणच 'नाही' कळवलेलं बरं. आपण तेव्हा दुखावून दोन वर्षं तिच्याशी बोलला नाहीत, आणि ती दोन वर्षं समजत राहिली की ताईंनीच जागा दुसऱ्या कुणाला दिली. हे मी दोघींमध्ये बसून पाहत होतो. मी नागरिकशास्त्र शिकवत होतो.

ती हे सगळं अगदी साध्या आवाजात बोलत होती, रस्त्यावर काय काय घासलं ते सांगावं तशी. आणि मी काय करत होतो? मी लिहून घेत होतो. तिच्या प्रत्येक वाक्याला उत्तर तयार करत होतो. दहा मिनिटं झाली तसं घड्याळ वाजलं. मी म्हणालो, "छान. आता मी तुझं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो," आणि चौदा मुद्दे क्रमाने वाचून दाखवले. वर म्हणालो, शिवणशाळेचं साल तू अठ्ठ्याण्णव म्हणालीस, ते नव्व्याण्णव होतं. (नंतर जुनी रोजनिशी काढून पाहिली. अठ्ठ्याण्णवच.) त्यावर ती एक वाक्य बोलली. मी तेव्हा दुरुस्ती लिहीत होतो. मान वर केली तोवर ती उठली होती. तिने भाताचं भांडं झाकलं, आतल्या खोलीत जाऊन पिशवी भरली, आणि सकाळच्या पहिल्या बसने गेली. कुठे गेली ते मला बसच्या कंडक्टरने सांगितलं.

गल्लीची हकिगत म्हणाल तर तुगिमाननी दुसऱ्या दिवशी दुपारी, भर उजेडात, तो पोलीस स्वतःच्या हाताने फोडला. आता शाळा सुटायच्या वेळी ते उभा झाडू धरून रस्त्याच्या मध्यात उभे राहतात आणि येणारी प्रत्येक गाडी थांबवतात. बू लास्त्रींशी ते अजून बोलत नाहीत, त्याही बोलत नाहीत. दोन्ही बाक कुणीतरी उचलून नेले. भिश्या दोनच आहेत. फक्त एका गोष्टीवर बेचाळीसच्या बेचाळीस घरांचं मत एक आहे, आणि या वेळी ते खरंखुरं एकमत आहे: हे सगळं माझ्यामुळे झालं. माझ्याशी सगळे फार आदराने बोलतात. काल भाजीवाला मला म्हणाला, "आपण कोणती मिरची घेण्याची कृपा कराल?" मी मिरची न घेताच परत आलो.

माझी काळजी करू नये. प्रकृती ठीक आहे, दोन्ही वेळा नीट जेवतो, झोप लागते. गल्लीप्रमुखपदाचा राजीनामा लिहून ठेवला आहे. तो घ्यायलाही कुणी येत नाही, इतकंच. आपल्या गुडघ्यांना तीळतेल लावत जावं. विनार्सीला माझा... ताई, या जागी मी चार शब्द लिहिले आणि चारही खोडले. आपणच योग्य वाटेल ते सांगावं. किंवा काही सांगू नये.

आपला अपराधी,
हार्सोनो

ता. क. वर 'दोन्ही वेळा नीट जेवतो' असं लिहिलं आहे, त्यातलं 'झोप लागते' हे खोटं आहे. जेवण खरं आहे, पण ते मी करत नाही. बू लास्त्रींकडे कुणी ना कुणी रांधून पाठवतं. त्यातलं एक ताट त्या डाव्या हाताने बाजूला काढून फाटकावर ठेवतात, आणि तिथून उचलून तुगिमान ते माझ्या ओट्यावर आणून ठेवतात. तिघांपैकी कुणीही काही बोलत नाही. आजची तेंपेची सोयाबीन-वडी जरा तिखट होती. कुणाला सांगणार?

ता. क. २. पत्र बंद करायच्या आधी बू लास्त्री स्वतःच आल्या, हात गळ्यात बांधलेला. अकरा दिवसांत पहिल्यांदा बोलल्या, आणि दरबारी भाषेत नाही, साध्या. म्हणाल्या, "पाक गुरू, माझ्या पडण्याचं तुम्ही सगळीकडे लिहून कळवताय म्हणे. बघू, नीट लिहिलंय का." मी कागद दिले. त्यांनी ओट्यावर बसून सगळे वाचले. अंड्यांचा आकडा बरोबर आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, "यात मी बोलते, तुगिमान बोलतो, ती शहरातली पोरगी बोलते, भाजीवालासुद्धा बोलतो. बू विनार्सी कुठे बोलतात? 'काही नाही' सोडलं तर त्यांचं एक वाक्य दाखवा मला."

मी त्यांच्यासमोरच पुन्हा वाचलं, ताई. नाही. मुद्दे आहेत. मग विनार्सीच्या तोंडचं निदान एक वाक्य, तिच्या शब्दांत, आठवून खाली लिहावं म्हणून मी तासभर बसलो. ती हात पुसत पुसत बोलत होती ते आठवतं. आवाज आठवतो. वाक्य एकही आठवत नाही. आठवतात ती माझी उत्तरं.

ता. क. ३. पत्र लिहायचं खरं कारण हे. तिला परत पाठवा असं मी म्हणत नाही, आणि तिला समजावाही म्हणत नाही. तिला फक्त विचारावं, की ती जे बोलली ते पुन्हा एकदा बोलेल का, पहिल्यापासून, आणि ते शेवटचं वाक्यही. मी उत्तर द्यायला येत नाही. हे पत्र उद्या बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवतो, आणि गुरुवारी सकाळच्या बसने मी सेमारांगला येतो. आपल्या दारापर्यंत येणार नाही, तिने बोलावल्याशिवाय. स्टँडच्या मागच्या बाजूला कॉफीची टपरी आहे तिथे अकरापासून बसून राहीन. ती आली नाही तर मी रागावणार नाही, आणि का आली नाही याचा अंदाजही बांधणार नाही. परतीची शेवटची बस साडेपाचला आहे.